ग्रँड ज्युरीची शपथ: कोणाचं तोंड बंद, कोणाचं मोकळं

अमेरिकेत घरी किंवा कंपनीच्या पत्त्यावर ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स येतं, तेव्हा सोबत बरेचदा सरकारी वकिलाचं एक पत्र असतं. तपासाला बाधा येऊ नये म्हणून या समन्सची वाच्यता करू नये, अशी त्यात विनंती असते. वाचणारा घाबरतो. आता बायकोला सांगितलं तरी तुरुंग, असं त्याला वाटायला लागतं. खरं तर फेडरल (राज्याच्या नव्हे, केंद्राच्या) न्यायालयाच्या ग्रँड ज्युरीपुढे येणाऱ्या साक्षीदारावर गुप्ततेचं सर्वसाधारण बंधन नाहीच. पत्रात ‘विनंती’ लिहिलेली असते ती त्याचमुळे. हुकूम सोडण्याचा अधिकार त्या वकिलाला नाही.

उलट बाजूला, त्याच खोलीत बसलेल्या ज्युररनं, म्हणजे ज्युरीच्या सदस्यानं, साक्षीत काय ऐकलं ते घरी जेवताना सांगितलं, तर तो न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. एकच खोली, एकच साक्ष, पण दोघांची बंधनं अगदी वेगळी. ‘ग्रँड ज्युरीचं कामकाज गुप्त असतं’ हे वाक्य बातम्यांत रोज येतं आणि त्यानंच घोळ होतो. प्रश्न नेहमी माणसागणिक विचारावा लागतो: हा कोण, यानं कोणती शपथ घेतली, आणि नियमातल्या यादीत याचं नाव आहे का?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांचा याच्याशी दोन वाटांनी संबंध येतो. नागरिकत्व घेतलेल्यांना ज्युरी ड्युटीचं बोलावणं येतं. ग्रीन कार्डवर किंवा एच-१बीवर असलेल्याला ज्युरर होता येत नाही. साक्षीदार मात्र कोणालाही करता येतं, व्हिसा कुठलाही असो.

आधी ही ज्युरी कोणती ते

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की १९५९चा नानावटी खटला आठवतो. ती खटल्याची ज्युरी होती. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि दोषी की निर्दोष ते सांगायचं, हे तिचं काम. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीच्या पायरीवर असते. गुन्हा घडला आणि तो या माणसानं केला असं मानायला वाजवी कारण आहे का, एवढंच ती ठरवते. आहे असं वाटलं तर आरोपपत्र, म्हणजे तिथलं इंडाइटमेंट, मंजूर होतं. आरोपीची बाजू मांडणारा वकील तिथे नसतो आणि साक्षी चालू असताना न्यायाधीशही नसतो. ऐकीव पुरावा चालतो. १९५६ साली कॉस्टेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. त्यामुळे पुष्कळदा एकच तपास अधिकारी येतो, इतरांनी आपल्याला काय सांगितलं त्याचा गोषवारा देतो आणि तासाभरात मतदान होतं.

फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं असतात. आरोपपत्राला किमान १२ जणांची संमती लागते. मुदत १८ महिने, ती जास्तीत जास्त आणखी ६ महिन्यांनी वाढवता येते. बहुतेक ठिकाणी ही मंडळी रोज बसत नाहीत. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात आणि एका दिवसात चार-पाच वेगवेगळी प्रकरणं पाहून जातात.

ही संस्था इंग्लंडातून आली. तिची मुळं ११६६च्या क्लॅरेंडनच्या फर्मानापर्यंत नेली जातात. इंग्लंडनं स्वतः ती १९३३ साली जवळजवळ मोडीत काढली. अमेरिकेनं मात्र १७९१ साली राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत तिला जागा दिली, त्यामुळे ती सहजी काढताही येत नाही. मुंबईलाही ती नवी नव्हती. कंपनी सरकारच्या काळात इथल्या वरिष्ठ न्यायालयात ग्रँड ज्युरी बसत असे. तिच्यात फक्त ख्रिस्ती माणसांना बसता येई, ती अट १८३२च्या कायद्यानं गेली, आणि १८६५ साली कलकत्ता, मद्रास, मुंबई या तिन्ही ठिकाणची ग्रँड ज्युरी बंद झाली. म्हणून आज आपल्याकडे तिच्या जागी पोलिसांचं दोषारोपपत्र आणि त्यावर दंडाधिकाऱ्यानं घेतलेली दखल आहे, आणि त्यात शपथ घेतलेले तेवीस नागरिक कुठेच येत नाहीत.

ज्युररची शपथ

पहिल्या दिवशी न्यायाधीशासमोर ही शपथ होते. तिचा आशय मराठीत साधारण असा: तुमच्यापुढे ठेवलेल्या आणि तुमच्या कानावर येणाऱ्या सर्व बाबींची मन लावून चौकशी कराल, सरकारची, सोबत्यांची आणि स्वतःची मसलत गुप्त ठेवाल, द्वेष, आकस किंवा वाईट बुद्धीनं कोणावर आरोप ठेवणार नाही, आणि भीती, मर्जी, माया किंवा बक्षिसाच्या आशेनं कोणाला सोडणार नाही, जे मांडाल ते सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याशिवाय काही नाही असंच मांडाल.

‘देवाशपथ’ म्हणायचं नसेल तर प्रतिज्ञा करता येते. धर्मग्रंथावर हात ठेवण्याची सक्ती नाही आणि प्रतिज्ञा करणाऱ्याचं वजन तसूभरही कमी होत नाही.

यातली गुप्ततेची ओळ नीट पाहिली तर तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारची मसलत म्हणजे तपास कोणत्या दिशेनं चालला आहे, पुढचा साक्षीदार कोण. ती फुटली तर संशयित पळून जातो किंवा साक्षीदारांवर दबाव येतो. सोबत्यांची मसलत म्हणजे बंद दाराआड कोण काय बोललं आणि कोणी कसं मत दिलं. तिसरी स्वतःची. ‘मी तर विरोधात मत दिलं होतं’ हे सांगणंही मनाई आहे, आणि नवखे ज्युरर घसरतात ते नेमके इथे. दुसऱ्याचं काही सांगत नाही ना, मग झालं, असं त्यांना वाटतं.

गुप्तता सरकारच्या सोयीसाठी आहे असा समज असतो आणि बऱ्याच अंशी ती तशी वापरलीही जाते. पण इतिहासात ती सरकारविरुद्धही कामी आली आहे. १६८१ साली लंडनमध्ये अर्ल ऑफ शाफ्ट्सबरीवर राजद्रोहाचा आरोप ठेवायचा होता. राजाच्या बाजूनं आग्रह धरला की साक्षी उघड्या न्यायालयात व्हाव्यात. ज्युरीतल्या मंडळींनी आपल्या शपथेवर बोट ठेवलं आणि साक्षी खाजगीत ऐकू द्या म्हणून मागणी केली. ती फेटाळली गेली; साक्षी सगळ्यांसमक्ष झाल्या. तरीही ज्युरीनं आरोप मंजूर करायला नकार दिला. पुढच्या काळात अमेरिकेत गुप्ततेचं समर्थन करताना ही आठवण वारंवार काढली गेली.

व्यवहारात ज्युररला काय पाळावं लागतं? टिपणवही खोलीतच राहते, ती घरी नेता येत नाही. फोन बहुतेक ठिकाणी दाराबाहेर ठेवावा लागतो. ‘मी ग्रँड ज्युरीवर आहे, दर बुधवारी सुट्टी लागेल’ एवढं साहेबाला सांगायला सहसा हरकत नसते, कारण ज्युरीवर गेल्याबद्दल नोकरीवरून काढता येत नाही आणि तसा फेडरल कायदाच आहे. भत्ता दिवसाला ५० डॉलर. ४५ दिवस भरल्यावर न्यायाधीश तो ६० पर्यंत वाढवू शकतो. यापुढे मात्र मौन. प्रकरण कोणाचं, कोण साक्षीला आलं, आरोपपत्र निघालं की नाही, यातलं काहीही नवऱ्याला, बायकोला, फॅमिली ग्रुपवर सांगायचं नाही. बातमी पेपरात आल्यावर ‘हो, हे आमच्यापुढेच होतं’ असं म्हणणंसुद्धा नाही. कोणी मुद्दाम चौकशी करू लागला तर ते फोरपर्सनला, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाला, किंवा थेट न्यायालयाला कळवायचं.

मुदत संपली म्हणून बंधन संपत नाही. फेडरल नियमात अखेरची तारीखच लिहिलेली नाही.

मतदानाची खोली आणखी बंद असते. साक्षी चालू असताना आत सरकारी वकील, तो एक साक्षीदार, लागला तर दुभाषी आणि कोर्ट रिपोर्टर एवढेच असतात. चर्चा आणि मतदान सुरू झालं की हे सगळे बाहेर. मूकबधिर ज्युररला लागणारा दुभाषी हा एकच अपवाद. इतर सगळ्या कामकाजाचं ध्वनिमुद्रण किंवा लघुलेखन सक्तीचं आहे, पण चर्चेचं आणि मतदानाचं होत नाही. किती जण अनुकूल होते तो आकडा फोरपर्सन लिहून क्लार्ककडे देतो आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय तो उघड होत नाही. चर्चा चोरून ऐकणं किंवा टिपणं हा वेगळाच गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत.

साक्षीदाराची शपथ

साक्षीदाराला शपथ देतो फोरपर्सन. तो ज्युरीतलाच एक सामान्य नागरिक असतो, न्यायालयानं नेमलेला. तो गैरहजर असेल तर उपफोरपर्सन. मराठीतून साक्ष द्यायची वेळ आली तर आधी दुभाषाची शपथ होते की तो नेमकं भाषांतर करील, मग साक्षीदाराची. साक्षीदाराच्या शपथेत गुप्ततेचा शब्दही नसतो. ती फक्त खरं बोलण्याची आहे.

ही पायरी घाईत राहून गेली तर काय होतं? साक्षीदार नंतर खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तरी खोट्या साक्षीचा खटला कोसळतो, कारण ‘शपथेवर’ हा त्या गुन्ह्याचा घटकच आहे. म्हणून मुरलेला सरकारी वकील पहिल्याच प्रश्नात शपथ झाल्याचं रेकॉर्डवर आणतो. दुपारच्या सुट्टीनंतर साक्षीदार परत आला की ‘तुम्ही अजून शपथेवर आहात’ याची आठवण करून देण्यामागचं कारणही तेच.

ग्रँड ज्युरीपुढच्या खोट्या साक्षीला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन बाबी लोकांना माहीत नसतात. एक, शपथेवरची दोन विधानं एकमेकांशी अजिबात जुळत नसतील, तर त्यातलं खोटं कोणतं हे सरकारला सिद्ध करावं लागत नाही. दुसरी, त्याच कामकाजात पुढे येऊन चूक कबूल केली आणि विधान दुरुस्त केलं तर खटल्यातून सुटण्याची वाट आहे. पण ती अरुंद आहे. त्या खोट्यानं कामकाजावर फारसा परिणाम झालेला नसावा आणि ते उघडकीला येणारच अशी वेळ आलेली नसावी. बहुतेक न्यायालयं दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या मागतात. ‘आठवत नाही’ हे सुरक्षित उत्तर आहे ही तर निव्वळ अफवा. आठवत असताना तसं म्हणणं हीसुद्धा खोटी साक्ष.

वकील आत नेता येत नाही. तो बाहेर बाकावर बसतो आणि साक्षीदार परवानगी मागून त्याच्याशी बोलून येऊ शकतो. अडचणीच्या प्रश्नाला पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारता येतं; स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हेही तीच दुरुस्ती सांगते. सरकारनं न्यायालयाकडून संरक्षणाचा हुकूम आणला, म्हणजे ही साक्ष तुमच्याविरुद्ध वापरणार नाही अशी हमी मिळाली, की मात्र तो आधार जातो आणि बोलावंच लागतं. तरीही गप्प बसलात तर न्यायाधीश कोठडीत पाठवू शकतो: ग्रँड ज्युरीची मुदत संपेपर्यंत, पण १८ महिन्यांपेक्षा जास्त नाही.

हे सगळं एकाच प्रकरणात पाहायचं असेल तर कॅलिफोर्नियातलं बाल्को प्रकरण घ्यावं. खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या प्रयोगशाळेची ती चौकशी होती. बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्स डिसेंबर २००३ मध्ये संरक्षण घेऊन ग्रँड ज्युरीपुढे आला. ट्रेनरनं कधी इंजेक्शन घेण्यासारखं काही दिलं का, असं विचारल्यावर तो नामवंत बापाचा मुलगा म्हणून वाढण्याविषयी बोलत राहिला. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच्यावर खोट्या साक्षीचे आणि न्यायात अडथळा आणल्याचा आरोप आले. २०११ साली खटल्याच्या ज्युरीचं खोट्या साक्षीवर एकमत झालं नाही. त्या भरकटलेल्या उत्तराबद्दल मात्र अडथळ्याच्या आरोपात तो दोषी ठरला, आणि २०१५ साली अपील न्यायालयानं तेही रद्द केलं. म्हणजे शपथेवर विषय टाळल्याची किंमत अखेर शिक्षा नव्हती, पण आठ वर्षांची कोर्टबाजी होती.

त्याचा ट्रेनर ग्रेग अँडरसन यानं तोंड उघडायलाच नकार दिला. २००६ साली तो पहिल्यांदा आत गेला तेव्हा त्या ज्युरीची मुदत संपली म्हणून दोनेक आठवड्यांत सुटला. सरकारनं नव्या ज्युरीचं समन्स काढलं आणि तो पुन्हा आत. मध्ये थोडे दिवस बाहेर सोडलं तर नोव्हेंबर २००७ पर्यंत तो कोठडीत होता, आणि बॉन्ड्सवर आरोपपत्र आलं त्याच दिवशी सुटला. ‘मुदत संपेपर्यंत’ या शब्दांवर विसंबून दिवस मोजत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि त्याच ज्युरीतल्या साक्षी वर्तमानपत्रात शब्दशः छापून आल्या. फोडणारा कोण? ज्युरर नव्हे, सरकारी वकीलही नव्हे. बचाव पक्षाचा एक वकील. खटल्याच्या तयारीसाठी त्याला प्रती मिळाल्या होत्या आणि त्या उघड न करण्याचा न्यायालयाचा हुकूम होता. त्यानं पत्रकाराला त्या दाखवल्या, वर शपथपत्रावर आपण फोडल्या नाहीत असं सांगितलं, इतकंच नव्हे तर साक्षी फुटल्या म्हणून आपल्या अशिलावरचा खटला रद्द करावा असाही अर्ज केला. २००७ साली त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली.

यादीत कोण, यादीबाहेर कोण

फेडरल फौजदारी कार्यपद्धतीचा नियम ६ यात स्पष्ट यादी देतो. ज्युरर, दुभाषी, कोर्ट रिपोर्टर, ध्वनिमुद्रण करणारा, ते उतरवून काढणारा, सरकारी वकील, आणि ज्यांना कामासाठी सरकारी वकिलानं माहिती दिली असे तपास अधिकारी व कर्मचारी. या यादीबाहेर कोणावरही गुप्तता लादता येणार नाही, हे त्याच नियमात वेगळ्या वाक्यानं सांगितलं आहे. नियम १९४६ साली लागू झाले. त्याआधी काही जिल्ह्यांत साक्षीदारांनाही गप्प बसवत. मसुदा करणाऱ्यांनी ते बंद केलं. साक्षीदाराला स्वतःच्या वकिलाशी किंवा सहकाऱ्याशी बोलता येऊ नये हा त्याच्यावर अन्याय होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

तपास अधिकाऱ्याला माहिती द्यायची तर सरकारी वकिलाला त्या अधिकाऱ्यांची नावं न्यायालयाला कळवावी लागतात, आणि त्यांना गुप्ततेची जाणीव दिली असं प्रमाणित करावं लागतं. इथे अधिकाऱ्याला नवी शपथ वगैरे द्यायची नसते. ही मर्यादा ओलांडली तर काय होतं ते बँक ऑफ नोव्हा स्कोशियाच्या खटल्यात दिसलं. वीस महिन्यांच्या चौकशीत सरकारी वकिलांनी आयकर खात्याच्या अधिकाऱ्यांना ‘ग्रँड ज्युरीचे प्रतिनिधी’ म्हणून शपथा दिल्या होत्या, ज्यांना नियमात कसलाच आधार नव्हता. वर साक्षीदारांनाही गप्प राहायला बजावलं होतं. जिल्हा न्यायालयानं चिडून २७ च्या २७ आरोप रद्द केले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चुका खऱ्या आहेत, पण आरोप ठेवण्याच्या ज्युरीच्या निर्णयावर त्यांचा परिणाम झाला असं दिसत नसेल तर आरोपपत्र टिकतं. चुकणाऱ्या वकिलाला अवमानाची शिक्षा द्या, शिस्तभंगाची कारवाई करा, निकालपत्रात कान उपटा. मला हा निकाल सरकारला जरा जास्तच सोपा वाटतो. तेव्हापासून बचावाच्या वकिलानं नुसती गुप्तता मोडल्याचं दाखवून भागत नाही, तिच्यामुळे काय बिघडलं तेही दाखवावं लागतं.

साक्षीदार मोकळा, हा नियम झाला. त्याला अपवाद आहेत आणि ते काटेकोर आहेत. बँकेच्या माणसानं ग्राहकाला ‘तुमच्या खात्याचे कागद ग्रँड ज्युरीनं मागवलेत’ असं कळवणं हा बँकविषयक गुन्ह्यांसारख्या ठरावीक तपासांत स्वतंत्र गुन्हा आहे: शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि तपासात अडथळा आणण्याच्या हेतूनं केलं तर ५ वर्षांपर्यंत. ईमेल किंवा फोनची सेवा देणाऱ्या कंपनीला न्यायाधीश ग्राहकाला न कळवण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणून समन्सच्या जाडजूड पाकिटात सरकारी वकिलाच्या सहीची विनंती आहे की न्यायाधीशाच्या सहीचा हुकूम, हे आधी पाहायचं. दोन्हींचा मसुदा वरवर सारखाच दिसतो.

आणि मोकळा असला तरी साक्षीदारानं आवरतं घेणंच बरं. दुसऱ्या साक्षीदाराशी ‘तू काय सांगणार आहेस’ असं बोलणं झालं की ती जुळवाजुळव दिसते आणि प्रकरण साक्षीदारावर प्रभाव टाकण्याच्या कलमाकडे सरकतं. मित्राला जे सांगाल त्याला गोपनीयतेचं संरक्षण नाही. त्यालाही समन्स निघू शकतं. वकिलाशी बोललेलं मात्र सुरक्षित. आणि बोलण्यापेक्षा मोठी चूक म्हणजे पुसणं. समन्स आल्यावर चॅट किंवा फाइली डिलीट केल्या तर २० वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम लागू शकतं.

झाकलेलं उघडतं कसं

गुप्तता आहे ती ‘ग्रँड ज्युरीसमोर घडलेल्या बाबी’ची. साक्षींची नक्कल, साक्षीदारांची नावं, ज्युरीचा रोख यात येतं. सरकारी वकिलांची आपापसातली मतं, ‘आपण आरोपपत्र मागूया का’ ही त्यांच्या कार्यालयातली चर्चा यात येत नाही, असं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं १९९९ साली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या चौकशीतल्या फुटलेल्या बातमीवरून, ठरवलं.

साक्षीदारानं आणखी एक समजून घ्यावं: आपली साक्ष आरोपीला कधीच कळणार नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. तुम्ही पुढे खटल्यात सरकारतर्फे साक्षीला उभे राहिलात, तर सरतपासणी झाल्यावर तुमची ग्रँड ज्युरीपुढची साक्ष बचावाला द्यावीच लागते. उलटतपासणीत तीच तुमच्यापुढे ओळीओळीनं वाचली जाते.

इतर कोणाला नक्कल हवी असेल तर न्यायालयाकडे जावं लागतं. १९७९च्या डग्लस ऑइल निकालानं कसोटी घालून दिली: दुसऱ्या न्यायालयीन कामकाजात अन्याय टाळायला ती लागते, उघड करण्याची गरज गुप्ततेच्या गरजेपेक्षा मोठी आहे, आणि मागणी नेमक्या लागणाऱ्या पानांपुरतीच आहे, हे तिन्ही दाखवावं लागतं. ‘सगळं द्या, बघतो’ अशा अर्जाला नकार ठरलेला. लोकांची उत्सुकता हे तर कारणच नाही. २०२५ साली जेफ्री एपस्टीनच्या लैंगिक शोषण प्रकरणातल्या ग्रँड ज्युरीच्या नकला खुल्या कराव्यात म्हणून खुद्द सरकारनं अर्ज केले. फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी जुलै-ऑगस्टमध्ये ते फेटाळले. नोव्हेंबरमध्ये संसदेनं खास कायदा केला, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये परवानग्या मिळाल्या.

राज्याराज्यांत

वरचं सगळं फेडरल न्यायालयाचं. पाचव्या दुरुस्तीतली ग्रँड ज्युरीची सक्ती राज्यांना लागू नाही हे १८८४ सालीच ठरलं, त्यामुळे प्रत्येक राज्याचं बिऱ्हाड वेगळं. न्यूयॉर्कमध्ये बंधनात असलेल्या माणसानं माहिती फोडली तर तो थेट गंभीर गुन्हा आहे, पण साक्षीदार तिथेही त्या बंधनात नाही. शिवाय तिथे संरक्षण नाकारून साक्ष देणाऱ्याला वकील आत नेता येतो. वकिलानं मात्र ज्युरीशी बोलायचं नाही. कॅलिफोर्नियात आरोपपत्र निघालं की नक्कल आरोपीला दिल्यानंतर दहा दिवसांनी साधारणपणे सर्वांना खुली होते. जॉर्जियात आरोपपत्रावर ज्युररांची नावं छापलेली असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावरचं फुल्टन काउंटीचं आरोपपत्र जाहीर झालं तेव्हा ती नावं इंटरनेटवर फिरली आणि ज्युररांना धमक्या आल्या.

फ्लोरिडानं साक्षीदाराचं तोंड कायमचं बांधलं होतं. एका वार्ताहरानं ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली होती आणि त्याच प्रकरणावर त्याला लिहायचं होतं. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: ज्युरीचं काम संपल्यावर साक्षीदाराला स्वतःला आधीपासून माहीत असलेलं सांगण्यापासून राज्य अडवू शकत नाही. निकाल तेवढ्यापुरताच आहे. चौकशी चालू असताना काय, आणि साक्षीदाराला खोलीतच नव्यानं जे कळलं त्याचं काय, हे राज्याच्या कायद्यावर राहिलं. म्हणून समन्स राज्याच्या न्यायालयाचं असेल तर फेडरल नियमावर विसंबून कोणाशी बोलू नये.

जुन्या कागदांचा वाद अजून मिटलेला नाही. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या लढाईवरच्या बातमीमुळे शिकागो ट्रिब्यूनची चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्युरीच्या नकला इतिहासकारांनी मागितल्या, आणि २०१६ साली शिकागोच्या अपील न्यायालयानं त्या द्यायला लावल्या. न्यायालयाला तसा मूळचाच अधिकार आहे, असं ते म्हणालं. २०१९ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं अशाच मागणीवर नेमकं उलट सांगितलं: नियमात जे अपवाद लिहिले आहेत तेवढेच, इतिहास हा अपवाद त्यात नाही. पुढच्या वर्षी अटलांटाच्या न्यायालयानंही तीच वाट धरली. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीच्या साक्षी वाचायला मिळतील की नाही, हे आज ती ज्युरी कोणत्या शहरात बसली होती त्यावर ठरतं.